साथीदार सोडून जातो तेव्हा

फँटसी रोल-प्लेइंग गेममध्ये खेळणारा सहसा एकटा हिंडत नाही. त्याच्यासोबत चार-सहा जणांची टोळी असते. कुणी ढाल घेऊन पुढे उभा राहतो, कुणी मंत्र टाकतो, कुणी जखमा भरून काढतो, कुणी कुलपे उघडतो. खेळाडू यांना ‘कम्पॅनियन’ म्हणतात. मराठीत साथीदार म्हटले की भागते. हे साथीदार एकाच वेळी दोन गोष्टी असतात. त्यांना स्वतःचा भूतकाळ, श्रद्धा, राग आणि लोभ असलेली माणसे म्हणून लिहिलेले असते, आणि त्याच वेळी ती लढाईत उपयोगी पडणारी ताकदही असते. वाटेवरच्या गावकऱ्याला फसवले तर एखादा संवाद बदलतो आणि खेळाडू पुढे जातो. साथीदाराला फसवले तर उद्याच्या लढाईत जखमा भरून काढायला कुणी उरत नाही. नैतिक निवडीचे फळ जाणवून द्यायचे असेल तर ते साथीदारामार्फत द्यावे, हे गेम बनवणाऱ्यांना फार लवकर उमगले, ते यामुळेच.

या कल्पनेचे मूळ संगणकाच्याही आधीचे आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळात पगारी सोबत्यांच्या निष्ठेचे नियम होते. त्यांना नीट वागवले नाही, वाटा दिला नाही, तर ऐन संकटात ते पळ काढू शकत. तिथे निकाल द्यायला समोर जिवंत माणूस असे, त्यामुळे कुठल्याही वागणुकीला योग्य ते फळ तो जागच्या जागी सुचवू शके. संगणकाला ही मोकळीक नाही. त्याने द्यायचे प्रत्येक उत्तर कुणीतरी आधी लिहून ठेवावे लागते. पुढच्या सगळ्या अडचणी या एका मर्यादेतून येतात.

१९८५च्या ‘अल्टिमा ४’मध्ये रिचर्ड गॅरियटने आठ सद्गुणांभोवती खेळ रचला आणि प्रत्येक साथीदार एकेका सद्गुणाचा प्रतिनिधी केला. पण ते साथीदार खेळाडूशी भांडत नसत. भांडणारे साथीदार ठसठशीतपणे पुढे आले ते कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअर कंपनीच्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये, १९९८ साली. तिथे टोळीची कीर्ती १ ते २० या मापात मोजली जाई. कीर्ती फार वाढली की दुष्ट प्रवृत्तीचे साथीदार कुरकुर करत आणि शेवटी चालू लागत. फार घसरली की सज्जन निघून जात. शिवाय साथीदारांची आपसांतही वैरे होती. मिन्स्क नावाचा गडी आपल्या डायनाहेअर या चेटकिणीला सोडवा म्हणून मागे लागतो, तर एडविन नावाचा जादूगार तिलाच ठार करा म्हणतो. दोघांनाही ‘हो’ म्हणून टोळीत घेता येते, मात्र हे फार दिवस खपत नाही. कधीतरी त्यांची आपसांतच जुंपते. सगळ्यांना खूश ठेवता येत नाही, हा धडा इथे भाषणातून न देता तलवारीने दिलेला आहे.

कीर्ती ही मात्र साऱ्या टोळीची मिळून एक होती. प्रत्येक साथीदाराचे खेळाडूविषयीचे मत वेगळे मोजण्याची पद्धत ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मुळे (२००९) घरोघरी पोचली. त्यात प्रत्येकाची मर्जी उणे १०० ते अधिक १०० या पट्टीवर असते. भुकेल्याला भाकरी दिली की लेलियाना खूश होते आणि मॉरिगन तोंड वाकडे करते. या पद्धतीचा मोठा फायदा असा, की एकाच कृतीकडे पाहणाऱ्या दोन भिन्न नैतिक दृष्टी लगेच समोर येतात. तोटाही तितकाच मोठा आहे. आकडा दिसू लागला की खेळाडू माणसाकडे पाहायचे सोडून आकड्याकडे पाहू लागतो. त्यातच या गेममध्ये भेटवस्तूंची सोय होती. साथीदाराला न पटणारे काही केले, तर त्याला आवडणारी अंगठी किंवा पुस्तक हातावर ठेवले की पट्टी पुन्हा वर चढे. लाच देऊन नाराजी मिटवण्याचा हा मार्ग लेखकांच्या मेहनतीवर पाणी ओतणारा होता.

म्हणून त्याच गेममध्ये काही प्रसंग असे ठेवले गेले, जिथे पट्टी कितीही भरलेली असली तरी चालत नाही. एका पवित्र अस्थिकलशात ड्रॅगनचे रक्त ओतण्याची संधी खेळाडूला मिळते. बदल्यात लढाईची नवी विद्या मिळते. सोबत विन ही वृद्ध वैद्य असेल, तर ती तिथल्या तिथे शस्त्र उपसते. तिला मारावे लागते आणि ती परत येत नाही. अ‍ॅलिस्टरचे प्रकरण याहून अवघड. ज्या सेनापतीच्या विश्वासघातामुळे त्याचे सारे सोबती मेले, त्या लोगेनला खेळाडूने जीवदान देऊन टोळीत घेतले, तर अ‍ॅलिस्टर मैत्री, प्रेम, उपकार काहीही न जुमानता निघून जातो. व्यवहाराने पाहिले तर लोगेनला घेणे चुकीचे नाही. संकट मोठे आहे आणि तो कसलेला लढवय्या आहे. अ‍ॅलिस्टरचा संतापही चुकीचा नाही. दोन्ही बाजूंना वजन असल्यामुळे हा प्रसंग इतक्या वर्षांनंतरही खेळाडूंच्या वादाचा विषय आहे.

पट्टीवरचा आणखी एक उपाय ‘ड्रॅगन एज २’ने (२०११) केला: मतभेद म्हणजे तोटा नव्हे. तिथे पट्टीचे एक टोक मैत्री आणि दुसरे स्पर्धा. ज्याचे विचार अजिबात पटत नाहीत असा साथीदारही आदराने सोबत राहू शकतो. उदासीनता तेवढी महागात पडते. ऑब्सिडियन कंपनीच्या ‘टिरनी’मध्ये (२०१६) निष्ठा आणि भीती अशा दोन वेगळ्या पट्ट्या होत्या, आणि भीती वाढवूनही काही ताकदी मिळत. अत्याचारी राजवटीच्या अधिकाऱ्याची ती गोष्ट असल्याने हे जुळून आले.

फळ किती मोठे यापेक्षा ते कधी येते याला अधिक महत्त्व असते. निवड केल्याक्षणी परिणाम समोर आला तर खेळाडू सरळ जुना सेव्ह, म्हणजे आधी जतन केलेला खेळ, उघडतो आणि दुसरा पर्याय निवडून पाहतो. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने पहिल्या ‘द विचर’मध्ये (२००७) यावर चांगला तोडगा काढला. रात्री नदीकाठी माल राखत असताना बंडखोर एल्फ येतात आणि तो माल मागतात. द्यायचा की लढायचे? तेव्हा काहीच बिघडत नाही. माल दिला असेल तर पुढच्या अध्यायात ज्या माणसाकडून माहिती काढायची असते तो मेलेला सापडतो, कारण त्या मालात शस्त्रे होती. तोवर कित्येक तास खेळून झालेले असतात. मागे जाण्याचा विचारसुद्धा जिवावर येतो.

साथीदाराच्या बाबतीत या युक्तीचा सर्वांत निर्दय वापर ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’मध्ये (२०१४) आहे. आयर्न बुल हा शिंगवाला धिप्पाड लढवय्या कुनारी लोकांचा हेर आहे आणि तो ते पहिल्या भेटीतच सांगून टाकतो. त्याच्या हाताखाली ‘चार्जर्स’ नावाची भाडोत्री पलटण आहे. क्रेम हा तिचा नायब. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका मोहिमेत कुनारींची युद्धनौका मदतीला येते. चार्जर्स एका टेकडीवर ठाण मांडून असतात. शत्रूचे जादूगार मोठ्या संख्येने टेकडीकडे सरकू लागतात. चार्जर्सना माघारीचा इशारा दिला तर ते वाचतात, पण टेकडी शत्रूच्या हाती जाते आणि नौका बुडते. इशारा दिला नाही तर नौका वाचते, कुनारींशी युती होते आणि पलटण कापली जाते. बुल स्वतः निर्णय घेत नाही. तो खेळाडूकडे पाहतो.

पलटणीचा बळी दिला तर लगेच दिसणारे नुकसान मर्यादित असते. क्रेम आणि त्याची माणसे पुन्हा दिसत नाहीत, बुल जरा गप्प होतो, पण तो टोळीत राहतो, लढतो, खेळाडूचे त्याच्याशी प्रेमसंबंध असतील तर तेही टिकतात. हिशेब होतो ‘ट्रेसपासर’ या २०१५च्या जोडभागात, कथेतल्या काळाने दोन वर्षांनी. कुनारी अधिकारी हुकूम देते आणि बुल जुन्या सोबत्यांवर शस्त्र उगारतो. त्याला समजावण्याचा एकही संवाद ठेवलेला नाही. कारण उघड आहे: जिवाभावाच्या माणसांपेक्षा हुकूम मोठा, हे त्याला त्या किनाऱ्यावर खेळाडूनेच शिकवले. ज्याने चार्जर्सना वाचवले त्याच्या खेळात हीच अधिकारी हाच हुकूम देते आणि बुल तो धुडकावतो. इथे पुण्याचे बक्षीस किंवा पापाची सजा असे काही नाही. साथीदार कसला माणूस बनत गेला, एवढेच दाखवले आहे.

‘द विचर ३’मधली (२०१५) सिरी याच जातीची. ती खेळाडू ज्याची भूमिका करतो त्या गेराल्टची मानसकन्या. शेवटी ती जगते की मरते हे ठरवणाऱ्या निवडी प्रथमदर्शनी किरकोळ वाटतात: ती खचलेली असताना तिच्याशी बर्फाचे गोळे फेकत खेळायचे की दारूचा पेला पुढे करायचा, चेटकिणींच्या सभेत तिला एकटीला जाऊ द्यायचे की बापाच्या अधिकाराने मागे उभे राहायचे, मेलेल्या मित्राच्या थडग्यापाशी थांबू द्यायचे की घाई करायची. यांत चांगले-वाईट असे पर्याय नाहीत. तिच्यावर विश्वास टाकला का, एवढेच गेम गुपचूप मोजत असतो. काळजीपोटी तिला सतत हाताशी धरून चालणाऱ्या बऱ्याच खेळाडूंना शेवट धक्का देऊन गेला, आणि हा धक्का रास्त होता असे म्हणावे लागते.

साथीदार माणूसच असावा असेही नाही. लायनहेडच्या ‘फेबल २’मध्ये (२००८) एक कुत्रा पहिल्यापासून सोबत असतो. पुरलेला खजिना तो हुंगून दाखवतो, शत्रूची चाहूल लागली की गुरगुरतो. कथेच्या शेवटाकडे मालकावर झाडलेली गोळी तो स्वतःवर घेतो. मग खेळाडूपुढे तीन पर्याय येतात: खलनायकाच्या मनोऱ्यासाठी मेलेल्या हजारो अनोळखी माणसांना परत आणणे, आपल्या कुटुंबाला आणि कुत्र्याला परत आणणे, किंवा दहा लाख सोन्याची नाणी घेणे. हजारोंचे प्राण मागणाऱ्याला पुढचा सारा खेळ कुत्र्याविना खेळावा लागतो. ज्या वाटेवर भुंकून खजिना दाखवला जाई, ती वाट आता मुकी असते. त्यागाची किंमत रोजच्या सोयीतून वजा होत राहते, म्हणून ती खरी वाटते. लोकांना ती इतकी जड गेली की नंतरच्या जोडभागात कुत्रा परत मिळवण्याची सोय करून द्यावी लागली.

मराठी वाचकाला इथे महाप्रस्थानिक पर्व आठवल्यावाचून राहणार नाही. द्रौपदी आणि चार भाऊ वाटेत एकेक करून पडतात, युधिष्ठिर मागे वळून पाहत नाही, आणि स्वर्गाच्या दारात मात्र आश्रयाला आलेल्या कुत्र्यासाठी अडून बसतो. त्या कथेत निष्ठेची परीक्षा झाल्यावर कुत्रा धर्मरूपाने प्रकट होतो आणि दार उघडते. फेबलचा कुत्रा कुत्राच राहतो.

या सगळ्याला सुरुंग लावणारी गोष्ट म्हणजे सेव्ह आणि रीलोड. परिणाम परतवता येत असेल तर निवडीला धार राहत नाही. टोबी फॉक्सच्या ‘अंडरटेल’ने (२०१५) यावर चलाखीने मात केली. सुरुवातीला मायेने सांभाळणाऱ्या टोरिएलला ठार करून, मग पस्तावून जुना सेव्ह उघडून तिला वाचवले, तरी फ्लावी हे पात्र खेळाडूला त्याचे मागचे कृत्य तोंडावर सांगते. बेल्जियमच्या लॅरियन कंपनीने ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये (ऑगस्ट २०२३) नोव्हेंबर २०२३च्या दुरुस्तीसोबत ‘ऑनर मोड’ आणला. त्यात एकच सेव्ह, मागे जाण्याचा रस्ता बंद.

त्याच गेममधला एक बारकावा मासलेवाईक आहे. लढाईत साथीदार मेला तर छावणीतला विदर्स हा सांगाड्यासारखा इसम २०० सोन्याच्या नाण्यांत त्याला उठवून देतो. मरण असे स्वस्त. पण खेळाडूने निर्वासितांच्या वस्तीवर हल्ला करणाऱ्यांची बाजू घेतली, तर विल आणि कार्लाक हे साथीदार सोडून जातात, आणि ते कितीही नाणी मोजली तरी परतत नाहीत. खुद्द विल आणि कार्लाक यांची गाठ याहून टोकदार. विलने मिझोरा या नरकवासिनीशी करार केला आहे आणि कार्लाकला मारून टाक असा तिचा हुकूम आहे. कार्लाक निरपराध निघते. तिला मारले तर विलला एक झगा मिळतो. तिला वाचवले तर मिझोरा विलच्या डोक्यावर शिंगे उगवते आणि त्याचे रूप कायमचे बदलते. म्हणजे दयेची सजा दया दाखवणाऱ्या खेळाडूला न मिळता त्याच्या मित्राला मिळते, आणि ती पुढचे शंभर तास पडद्यावर समोर दिसत राहते.

दगा नेहमी आजचाच असावा लागत नाही. ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’चा (१९९९) नायक अमर आहे, पण मरून उठला की आठवण पुसली जाते. डॅकन हा वयोवृद्ध योद्धा त्याच्यासोबत निमूट चालतो, कारण त्याने नायकाच्या मरणापर्यंत सेवेची शपथ घेतली आहे; आणि नायकाला मरण नाही. ही शपथ नायकाच्याच एका पूर्वीच्या जन्माने, डॅकनच्या तलवारीसाठी, कावा करून घेतली होती, हे हळूहळू कळते. खेळाडूने स्वतः काहीच केलेले नसते, तरी ऋण त्याच्या माथी येते. डॅकनच्या धर्मग्रंथाचा अर्थ त्याच्यासोबत बसून उलगडला, तर त्याची ढळलेली श्रद्धा सावरते आणि मनाच्या स्थितीप्रमाणे बदलणारी त्याची तलवार बळकट होते.

इतके सगळे करता येत असताना बहुतेक गेममध्ये वाईट मार्ग पोकळ का वाटतो, याचे उत्तर खर्चात आहे. साथीदार गेला की त्याच्यासाठी लिहिलेले, कलाकाराने बोललेले, चित्रकाराने हलवलेले प्रसंग त्या खेळाडूपुरते वाया जातात. बाल्डर्स गेट ३मध्ये निर्वासितांची वस्ती उद्ध्वस्त केली की त्यांच्या पुढच्या कहाण्याही जातात. त्यांच्या जागी तितक्याच नव्या कहाण्या लिहिणे परवडत नाही. परिणामी दुष्ट खेळाडूच्या वाट्याला मुख्यतः शांतता येते.

प्रलोभनाची बाजूही अशीच पातळ राहते. गेममधला दगेबाज सहसा लोभाने दगा देतो: झगा, विद्या, नाणी. प्रत्यक्षात दग्यामागे भयही असते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या इतिहासातला एक दगा अशा वेगळ्या प्रकारचा आहे. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव पुल्लेसूर शेडमाके यांनी १८५८ साली इंग्रजांविरुद्ध उठाव केला. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. जंगल बाबूरावांच्या ओळखीचे, आणि वर्धा नदीपलीकडे राजुऱ्याचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. फौजफाट्याने काम होईना, तेव्हा चांद्याचे (आजच्या चंद्रपूरचे) डेप्युटी कमिशनर क्रिचटन यांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला. सप्टेंबर १८५८मध्ये लक्ष्मीबाईंनी बाबूरावांना पकडून स्वाधीन केले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. लक्ष्मीबाईंना बंडखोरांच्या जप्त मुलखातील गावे बक्षीस मिळाली. बक्षीस होतेच, पण त्याच्या आधी स्वतःची जमीनदारी जाण्याचे भय होते.

या प्रसंगाचा गेम करायचा तर खेळाडूला बाबूराव करणे सोपे आणि कमी फळाचे. लक्ष्मीबाईंच्या जागी बसवले तर साथीदाराबाबतच्या निवडीचे सगळे घटक हाताशी येतात: आप्त-ओळखीचा माणूस, वर बसलेली सत्ता, गमावण्याजोगे बरेच काही, आणि पकडून देणे, आसरा देणे, की कानाडोळा करून निसटू देणे असे तीन रस्ते. उशिरा येणारे फळही इतिहासाने लिहून ठेवले आहे. व्यंकटराव बस्तरच्या बाजूला निसटले आणि १८६० साली पकडले गेले. बाबूरावांची आठवण गोंड समाजात टिकली. १२ मार्च २००९ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. आसरा दिल्याचे फळ मात्र लेखकाला कल्पनेने रचावे लागेल, आणि तेवढाच भाग खर्चाचा.

असा गेम मोठा असायची गरज नाही. बाल्डर्स गेट ३ला डिस्कवर १५० जीबी जागा आणि ताकदवान ग्राफिक्स कार्ड लागते. रोज दोन जीबीच्या मोबाइल डेटावर राजुरा, गडचांदूर, अहेरी या पट्ट्यात तो उतरवायला अडीच महिने जातील. म्हणून या भागात मोबाइलवर चालतात ते बहुधा चौघांच्या तुकडीचे लढाईचे खेळ, जिथे पडलेल्या सोबत्याला उठवायचे की पळायचे याचा जाब पात्र विचारत नाही. शेजारी बसलेला मित्र विचारतो. मात्र संवादाच्या मजकुरावर चालणारे जुने खेळ फार जड नाहीत. पहिल्या ‘बाल्डर्स गेट’ची सुधारित आवृत्ती २०१४पासून आणि ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ची २०१७पासून अँड्रॉइड फोनवर मिळते. मिन्स्क आणि एडविन तिथेही एकमेकांशी पटवून घेत नाहीत.